आधी मांडीत, मग बाकीचं

परिषदेचे अध्यक्ष महोदय, बालरोगतज्ज्ञ मंडळी, शिक्षक, आशाताई, परिचारिका भगिनी आणि लेकरांना घेऊन आलेले आईबाप,

गोडदेवात तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत. नाक्यावरच्या रिक्षांतून आणि फाटक रोडच्या गर्दीतून वाट काढत आलात, त्याबद्दल आधी आभार. मुंबईत एसीवालं सभागृह मिळालं असतं. पण मुलांच्या जीवघेण्या ॲलर्जीवर बोलायचं तर मुलं जेवतात तिथे बोलावं, असं समितीचं म्हणणं पडलं. स्वागताध्यक्ष म्हणून माझ्यासारख्या केटरिंगवाल्याला पकडलं तेही त्यामुळेच असावं.

गोडदेव, नवघर, खारी ही आगरी-कोळ्यांची जुनी वस्ती. हळदीला कोळंबी, एरवी जवळा-सुकट, आणि पलीकडे उत्तनला वलांड्यांवर वाळत घातलेले बोंबील. कोळंबीतलं ॲलर्जी करणारं मुख्य प्रथिन शिजवलं तरी टिकतं, हे मला या परिषदेच्या तयारीत कळलं. काही मुलांना उकळत्या कोळंबीची नुसती वाफही बाधते. आणि आमची रीत काय? कोळंबी तळून झाली की त्याच तेलात बटाटाभजी, झाराही तोच. शाकाहारी पाहुण्यांसाठी आम्ही न सांगता वेगळी कढई चढवतो. ॲलर्जीवाल्या पोरासाठी चढवली तर काय बिघडलं?

शेंगदाण्याचं तर विचारूच नका. साबुदाण्याच्या खिचडीत कूट दिसतं तरी. भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, रश्शात ते मिळून जातं. पाकिटबंद मालावर शेंगदाणा, दूध, अंडं, मासे, कोळंबी-खेकडे यांचा उल्लेख 2020च्या नियमांनी सक्तीचा केला आहे. आमच्या पातेल्याला कुठलं आलंय लेबल?

वर घरातली वडीलधारी म्हणतात, “थोडं थोडं दे, सवय होईल.” गंमत अशी, की सवय होईल हीच आशा फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए यांनाही होती. 1901 साली समुद्रसफरीवर सुरू झालेलं काम त्यांनी पॅरिसमध्ये पुढे नेलं. समुद्रफुलाचं विष कुत्र्यांना टोचलं. काही आठवड्यांनी आणखी थोडं दिलं, तर सवय होण्याऐवजी कुत्री मिनिटांत कोसळली. या शोधाबद्दल रिशे यांना 1913चं नोबेल मिळालं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली सवय लावण्याचे उपचार आज आहेत, पण ते घरच्या ताटात करायचे प्रयोग नव्हेत. तान्ह्या बाळाला दाण्याची ओळख कधी करून द्यावी, यावर 2015च्या लंडनच्या अभ्यासाने जुनं मत पार उलटवलं. ते दुपारच्या सत्रात ऐकूच.

माझं खरं मागणं डॉक्टरांकडे आहे. अंगावर गांधी उठल्या की आम्ही “पित्त उठलं” म्हणतो आणि आमसुलाचं पाणी लावतो. नुसत्या गांधी असतील तर ठीक. पण आवाज बसला, धाप लागली, उलट्या सुरू झाल्या, पोर मलूल पडलं, तर तो पित्ताचा खेळ राहत नाही. अशा वेळीही आधी ‘एव्हिल-डेक्सा’चं, म्हणजे खाजेवरच्या औषधाचं आणि स्टेरॉइडचं, इंजेक्शन देण्याची सवय अजून आहे. त्याने खाज कमी होईल, पण घसरता रक्तदाब आणि आवळलेला श्वास वेळेत सावरत नाही. तिथे ॲड्रेनॅलिनच हवं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत, ताबडतोब. एक मिलिलिटरच्या कुपीत एक मिलिग्रॅम असतं. पंधरा किलोच्या मुलाला त्यातलं 0.15 मिलिलिटर. परदेशात पालक याचं तयार पेन खिशात बाळगतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही, म्हणून गल्लीतल्या दवाखान्याचीच भिस्त. स्वस्तातली ही कुपी प्रत्येक दवाखान्यात, मुदत तपासलेली, सिरिंजसकट हाताशी असावी. लसीकरणाच्या ठिकाणी असा संच ठेवतात, मग इतरत्र का नको?

शिक्षकांसाठी एवढंच: अशा मुलाला उभं करू नका, चालवत नेऊ नका. आडवं निजवा, पाय उंच करा. धाप असेल तर बसतं ठेवा. 108ला फोन करा. बरं वाटलं तरी काही तास इस्पितळात ठेवायला हवं, कारण त्रास पुन्हा उलटू शकतो.

दुपारी जेवण आमच्याकडचंच आहे. कोळंबी मुद्दाम ठेवलेली नाही, आगरी पाहुण्यांनी रागवू नये. प्रत्येक पातेल्यासमोर आत काय पडलंय त्याची चिठ्ठी आहे. तरी शंका आली तर वाढप्याला नका विचारू, थेट मला विचारा. आता अध्यक्षांनी सूत्रं हाती घ्यावीत, ही विनंती.