काय बंद पडून चालणार नाही?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी या दिवशी कोणी पाककृतींवर बोलते, कोणी आरोग्यावर. यंदा कार्यकारिणीने माझे नाव घातले, तेव्हा मी आधी नाहीच म्हणत होते. पण एक गोष्ट फार दिवस मनात सलते आहे. ती आपल्यापुढे बोलून टाकावी म्हणून उभी राहिले आहे.

आमच्या आळीच्या तोंडाशी पूर्वी एक हातपंप होता. घरोघर नळ आले, तशी त्याची किंमत गेली. भोवती चिखल होई, डास होत, पोरे दांड्याला लोंबकळत. तो बंद करावा असा अर्ज आम्ही बायकांनी केला. त्या अर्जावर पहिली सही माझी होती. दांडा निघाला, तोंडावर झाकण बसले आणि आम्हाला मोठे काम केल्यासारखे वाटले.

पुढे एका मे महिन्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. चार दिवस वीज नाही. वीज नाही म्हणून मोटर नाही, मोटर नाही म्हणून टाकी कोरडी आणि टाकी कोरडी म्हणून नळ कोरडे. माझ्या शेजारणीची सून त्याच आठवड्यात बाळंत होऊन घरी आली होती. बाळाची दुपटी धुवायला घरात पाणी नव्हते. भर उन्हात आम्ही दोघी हंडे घेऊन दूरच्या विहिरीवर गेलो. वाटेत ते झाकण लागले. ती माउली मला एका शब्दाने बोलली नाही. त्याचेच मला जास्त लागले.

आता गंमत अशी, की आम्ही बेसावध मुळीच नव्हतो. 26 जुलै 2005 चा पाऊस कोण विसरेल? सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, आगगाड्या बंद पडल्या, घरची माणसे जिथल्या तिथे अडकली. तेव्हापासून मृग लागण्यापूर्वी मी धान्य माळ्यावर चढवते, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत बांधते. पुराची तयारी चोख होती. पण संकट आले ते ऐन उन्हाळ्यात आणि विजेच्या तारेवरून!

पुढे शहापूरला एका शिबिरात या विषयावर ऐकायला मिळाले. इंग्रजीत या विचाराला ‘ऑल हॅझार्ड्स’ म्हणतात. म्हणजे पुराची वेगळी, आगीची वेगळी, घातपाताची वेगळी अशी सुटी सुटी तयारी करून भागत नाही. कोणतेही संकट आले तरी काय बंद पडून चालणार नाही, हे आधी ठरवायचे आणि त्याला दुसरी वाट करून ठेवायची. पाणी, वीज, दवाखाना, रस्ता, रेल्वे, दूरध्वनी ही ती कामे. त्यांना अत्यावश्यक सेवा म्हणतात, ते उगीच नव्हे.

याचे उदाहरण आपल्या भातसा नदीवरच आहे. भातसा धरणातून सोडलेले पाणी नदीवाटे खाली पिसे येथे जाते. तेथे ते उपसून पांजरापूरला शुद्ध करतात आणि मग मुंबईला नेतात. 26 फेब्रुवारी 2024 रोजी पिसे येथील ट्रान्सफॉर्मरला आग लागली आणि मुंबईच्या पाण्यात 15 टक्के कपात करावी लागली. त्याच वर्षी डिसेंबरात तिथल्याच बंधाऱ्याच्या दाराच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि पुन्हा कपात आली. धरणात पाणी होते, पाऊसही रुसला नव्हता. एकदा आग, एकदा दार. घरात मात्र दोन्ही वेळा बादलीच रिकामी.

दुसरे उदाहरण 12 ऑक्टोबर 2020 चे. सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली. कळवा ते आपल्या शेजारचे पडघा या मार्गावर विजेच्या दोन वाहिन्या. एक दुरुस्तीसाठी बंद, सगळा भार दुसरीवर, आणि तिच्यातही बिघाड झाला. लोकल जागच्या जागी थांबल्या. माझी नणंद ठाण्याला अकराव्या मजल्यावर राहते; लिफ्ट बंद, पाण्याचा पंप बंद. पुढे 2021 मध्ये संगणकातून घातपात झाल्याची शंका राज्य सरकारकडून बोलली गेली. केंद्राच्या वीजमंत्र्यांनी ती मानवी चूक असल्याचे सांगितले. कारणाचा वाद मोठ्यांनी खुशाल करावा. जिना चढून पाणी नेणाऱ्या बाईला कारण कोणतेही असले तरी हंड्याचे वजन तेवढेच!

जपानसारख्या हुशार देशाचेही असेच झाले. 11 मार्च 2011 रोजी फुकुशिमा येथे भूकंप झाला, तेव्हा अणुवीज केंद्र आपोआप बंद पडले आणि बाहेरची वीज जाताच जनरेटर सुरू झाले. इथवर सारे ठरल्याप्रमाणे. पण तासाभराच्या आतच समुद्राची प्रचंड लाट आली आणि तळघरातले जनरेटर पाण्यात बुडाले. एक संकट दुसऱ्याचा हात धरून येते, हे तिथे कमी पडले. आपल्याकडे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने नैसर्गिक संकटाबरोबर माणसाने घडवलेले संकट, अपघात आणि निष्काळजीपणा हेही आपत्तीच्या व्याख्येत घेतले आहेत. हा शेवटचा शब्द ऐकला तेव्हा मला ते हातपंपाचे झाकण आठवले.

मैत्रिणींनो, धरणे आणि वीजवाहिन्या सांभाळणे आपल्या हाती नाही. पण खरी गृहिणी एकाच काडेपेटीवर घर चालवत नाही. म्हणून मी तीन गोष्टी सुचवते. पहिली, आपल्या आळीत वीज, नळ आणि रस्ता एकाच वेळी बंद झाले तर कोणाचे अडेल, म्हणजे बाळंतीण, अंथरुणाला खिळलेले, रोज औषध लागणारे, यांची यादी मंडळाच्या वहीत असावी आणि दर सहा महिन्यांनी ती तपासावी. दुसरी, 112 आणि जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा 1077 हे क्रमांक प्रत्येक घराच्या भिंतीवर लिहावेत. मोबाईल निपचित पडला की त्यात साठवलेले क्रमांक काय कामाचे?

तिसरी गोष्ट हातपंपाची. बोअर अजून शाबूत आहे, मी विचारून घेतले आहे. यंदाच्या शिलकीतून नवा ध्वनिक्षेपक घ्यावा असे पुष्कळ जणींना वाटते. माझी विनंती आहे, की तो एक वर्ष थांबवावा आणि ते पैसे पंपासाठी द्यावेत. भोवती सिमेंटचा ओटा आणि सांडपाण्याला वाट केली, म्हणजे चिखलाची तक्रारही उरणार नाही. पंप रोज थोडा वेळ चालवायचे काम मी पत्करते. वापरात नसलेली वस्तू ऐन वेळी दगा देते.

पंप बंद करण्याच्या अर्जावर पहिली सही माझी होती. तो पुन्हा सुरू करण्याचा अर्ज मी लिहून आणला आहे आणि त्यावरही पहिली सही मीच केली आहे. खाली जागा भरपूर आहे. आपण सर्वांनी ती भरावी, एवढे सांगून मी आपली रजा घेते.