आजच्यापुरती भाकर



मनःशांतीवर बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाकडे श्रोते जरा संशयानेच पाहतात. हा आता आपल्याला डोळे मिटून बसायला लावणार, अशी धास्ती असते. घाबरू नका. आज ज्यांच्याविषयी मी बोलणार आहे, त्यांना स्वतःलाच तशी फुरसत कधी मिळाली नाही.

सतराव्या शतकात फ्रान्समध्ये निकोला एर्मान नावाचा एक गरीब घरचा शिपाई होता. लढाईत जखमी झाला आणि जन्माचा लंगडा झाला. पुढे 1640 साली तो पॅरिसच्या कार्मेलाइट मठात दाखल झाला. तिथे त्याचं नाव पडलं बंधू लॉरेन्स. मठाने त्याला नेमलं मुदपाकखान्यात, आणि स्वयंपाकाचा तर त्याला मनस्वी कंटाळा! त्याच मुदपाकखान्यात त्याने सुमारे पंधरा वर्षं काढली. एकदा मठासाठी द्राक्षमद्य खरेदी करायला त्याला बर्गंडीला पाठवलं. व्यवहारात गती नाही, पाय अधू. बोटीवर इकडून तिकडे जायचं तर पिंपांवरून अंग लोटत जावं लागे. पण तो देवाला म्हणे, हे काम तुझं आहे, माझं नव्हे. एवढं म्हणून तो कामाला लागे, आणि काम पार पडे. भांड्यांचा खणखणाट चाललेला असो, चारजण चार वस्तू मागत असोत. देवघरात गुडघे टेकल्यावर देव जितका जवळ, तितकाच इथेही, असा त्याचा अनुभव होता.

हे ऐकायला गोड लागतं, म्हणून त्याची दुसरी बाजूही सांगतो. आपल्याला नरकच मिळणार, या खात्रीने या माणसाची चार वर्षं तळमळत गेली. कुणाच्या समजावण्याने ती खात्री हटली नाही. शेवटी त्याने ठरवलं, नरक की स्वर्ग हा हिशेब आपला नाही; आपण देवावर प्रेम करत राहावं. हिशेब सोडला तेव्हा मन निवलं. माझ्या मते ख्रिस्ती शांतीची किल्ली इथेच आहे. संकट टळल्यामुळे ती येत नाही. ज्याचा हिशेब आपल्या हातात नाही, तो ठेवायचा सोडल्यावर ती येते.

आता आपल्या मुलखात येऊ. कवी नारायण वामन टिळकांना 1893 च्या सुमारास आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, आणि डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवलं. पाखरांकडे नि रानफुलांकडे बोट दाखवून येशू अन्नवस्त्राची काळजी सोडायला सांगतो, ते याच प्रवचनात. 1895 साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. गोष्ट बहुधा इथे संपवली जाते. मला मात्र त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंविषयी बोलायचं आहे, कारण पाखरांचा तो उपदेश टिळकांनी पाळला आणि त्याची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. समोर गरजू दिसला की खिसा रिकामा. काळजी न करणारा एक माणूस घरात असला की त्याच्या वाट्याची काळजी दुसऱ्या कुणाला तरी करावी लागते. हे धर्मोपदेशक सहसा सांगत नाहीत.

लक्ष्मीबाई वाढल्या त्या घरात सोवळं पराकोटीचं. वडील इतके धास्तावलेले की बाजारातून आलेलं मीठसुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायचं नाही. मीठ धुतलं की उरतं काय? भीतीचा हा कारभार किती खोलवर असतो, ते त्या मिठावरून कळतं. नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार मोडला. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, परत एकत्र आल्यावरही आपलं सोवळं सांभाळत राहिल्या. मग विचार करता करता त्यांनाच पटलं, की माणसामाणसांतली ही शिवाशीव देवाने केलेली नाही. त्यांचा बाप्तिस्मा 1900 साली राहुरीला झाला. त्यानंतर घरात दुष्काळातली अनाथ पोरं आली, आजारी आले, आगंतुक आले. टिळकांनी 1917 साली मिशनचा पगारही सोडला. या सगळ्याची हकिगत लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात आहे, आणि त्या पुस्तकात रडगाणं नाही. बाई स्वतःला हसतात, नवऱ्याला तर मनसोक्त हसतात. कुणी माझ्याकडे शांतीचा पुरावा मागितला, तर मी ते हसू दाखवीन.

इथे एक आक्षेप घ्यायलाच हवा. ज्याची नोकरी गेली, ज्याच्या शेतात काही पिकलं नाही, त्याला पाखरं दाखवणं क्रूरपणाचं नाही का? आहेच, दाखवणाऱ्याचं स्वतःचं पोट भरलेलं असेल तर. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचं तसं नव्हतं. त्यांचे आईवडील दुष्काळातल्या उपासमारीने गेले होते. म्हणून 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली नि बायका यांना पुण्याजवळच्या केडगावला घेऊन आल्या. तिथे शेती, विणकाम, छापखाना सुरू केला. भुकेल्याला त्यांनी आधी भाकर आणि काम दिलं. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही मागणं आहे ते आजच्यापुरत्या भाकरीचं, वर्षाच्या बेगमीचं नव्हे. आणि तेही एकट्यासाठी नव्हे, सगळ्यांसाठी. शेजारी उपाशी असताना मला शांती लाभली, तर तिला मी झोप म्हणेन.

रमाबाईंची मुलगी मनोरमा 1921 साली वारली. त्यांचं ते एकुलतं एक लेकरू. तेव्हा बायबलचं सोप्या मराठीतलं भाषांतर त्यांच्या हातात होतं. मूळ हिब्रू नि ग्रीकवरून त्या स्वतः ते करत होत्या. काम थांबलं नाही. भाषांतर पुरं झालं आणि 1922 च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. त्या आईच्या मनात काय चाललं असेल, याचा तर्क करण्याचा अधिकार मला नाही. दुःख संपेपर्यंत त्या थांबल्या नाहीत, एवढं मात्र दिसतं.

आता ही शांती रोजच्या घरात कशी सांभाळली जाते, त्या रिवाजाविषयी थोडं सांगतो. आमच्याकडे नगर भागातल्या ख्रिस्ती घरांत रात्री जेवणं उरकली की घरची प्रार्थना असते. शास्त्रपाठ, टिळकांचं एखादं गीत, मग ज्याने त्याने आपापलं मागणं मांडायचं. लहान पोरं पेंगतात, सून मनातल्या मनात उद्याचा डबा ठरवत असते, म्हातारा फार लांबण लावतो. पण ‘आम्हांला क्षमा कर’ असं म्हणायची वेळ आली की सकाळी भांडलेल्या दोघांना एकमेकांच्या शेजारी बसून ते म्हणावं लागतं. कधी कधी तोंडदेखलंच म्हटलं जातं, कबूल. तरी रोज रात्री भांडण मिटवायची एक ठरलेली वेळ घरात असणं, ही लहान सोय नव्हे. ख्रिस्ती नसलेल्या घरांनीही ती उचलायला हरकत नाही.

जाता जाता एक विनंती. ‘स्मृतिचित्रे’ तुमच्या वाचनालयात असेलच. त्याची संक्षिप्त आवृत्तीही मिळते, पण ती घेऊ नका. चारही भाग असलेली प्रत मागून घ्या आणि घरात मोठ्याने वाचा.