प्रबंध लिहिणाऱ्यांशी दोन शब्द



जून उजाडला, पावसाची पहिली सर येऊन गेली, की आमच्या ओटीवर एक-दोन तरुण मंडळी हमखास येऊन बसतात. कोणी हायस्कुलात शिक्षक असतो, कोणी महाविद्यालयात तासिकांवर शिकवीत असते, कोणी नुकतेच एम. ए. किंवा एम. एस्सी. झालेले असते. चहा होतो, आंबे संपल्याची हळहळ होते, आणि मग हळूच गोष्ट निघते, "सर, पीएच. डी. करावी म्हणतो. एखादा चांगला विषय सुचवा ना!"

मी विषय सुचवीत नाही. उलट विचारतो, "तुम्हाला प्रश्न कसला पडला आहे?" की ओटीवर शांतता! पागोळ्यांचा आवाज तेवढा ऐकू येतो. त्या शांततेविषयीच आज चार गोष्टी आपल्याशी बोलायच्या आहेत.

विषय वेगळा आणि प्रश्न वेगळा. आपल्या रत्नागिरीचेच उदाहरण घ्या. 'हापूस आंबा' हा विषय झाला. त्यात कलमे आली, मोहोर आला, तुडतुडा आला, दलाल आले, वाशीचा बाजार आला. एक जन्म पुरायचा नाही. पण वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापावा आणि आत पांढरट, स्पंजासारखा गर निघावा, हे दुःख आपणा सर्वांना ठाऊक आहे. त्याला आपण साका म्हणतो. "उतरवलेला आंबा तापलेल्या कातळावर पडून राहिला तर साका वाढतो का?" हा झाला प्रश्न. याच्यासाठी झाडे ठरवता येतात, फळे मोजता येतात, कापून पाहता येतात. आणि उत्तर 'होय' येईल तसेच 'नाही'ही येऊ शकते. साक्याच्या कारणांवर शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षे काम केले. कोणी जमिनीच्या उष्णतेकडे बोट दाखवले, कोणी आतल्या कोयीकडे. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही जात निघाली, तिच्यात साका नाही. एवढ्या कामाच्या भिंतीत आपण आपला एक चिरा बसवायचा असतो. सगळी भिंत आपण बांधायची नसते.

इतिहासाच्या विद्यार्थ्यालाही हेच लागू. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीस आणला गेला आणि १९१६ मध्ये इथेच वारला. 'थिबा राजाचे जीवन' हा विषय घेतलात, तर आधीच्या पुस्तकांची उजळणी होईल. पण "राजाच्या घरखर्चाचा रत्नागिरीच्या बाजारपेठेवर काय परिणाम झाला?" असे विचारलेत, की लगेच पावले ठरतात. सरकारी दप्तरे पाहिली पाहिजेत, मुंबईच्या पुराभिलेखागारात बसले पाहिजे, जुन्या व्यापारी घराण्यांच्या वह्या मिळतात का ते विचारले पाहिजे. चांगला प्रश्न आपल्याला कामाला लावतो, बरं का!

प्रश्न खरा आहे की नाही, याची एक साधी कसोटी सांगतो. स्वतःला विचारा, "काय आढळले तर माझा अंदाज चुकीचा ठरेल?" याला उत्तर नसेल तर तो प्रश्न नव्हे, ती आपली आवड. इरावती कर्वे यांचे नाव आपण ऐकले आहे. आपल्या मुरूडच्या महर्षी कर्व्यांच्या त्या स्नुषा. १९३० च्या सुमारास बर्लिनमध्ये त्यांनी मानवी कवटीच्या दोन बाजूंतील असमानतेवर डॉक्टरेटचे काम केले. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्वाच्या मताचे. कवट्यांच्या मापांतून वंशावंशांतला भेद दिसेल, ही त्यांची अपेक्षा. बाईंनी मापे घेतली, तसा भेद आढळला नाही, आणि नाही तो नाही असेच प्रबंधात लिहिले. परका देश, परकी भाषा, पदवी मार्गदर्शकाच्या हाती. तरी मापे बदलली नाहीत. पदवीही मिळाली. आपला प्रबंध लहान असो की मोठा, हा बाणा त्यात हवा.

आता वेळेविषयी. भारतरत्न पां. वा. काणे आपल्याच जिल्ह्याचे. चिपळूणजवळ जन्मले, उमेदीच्या काळात रत्नागिरीच्या सरकारी हायस्कुलात शिक्षक होते. 'व्यवहारमयूख' या ग्रंथाच्या संपादनाला जोड म्हणून धर्मशास्त्राचा थोडक्यात इतिहास लिहावा, असे त्यांच्या मनात आले. त्या 'थोडक्यात'चा पहिला खंड १९३० मध्ये निघाला आणि पाचवा १९६२ मध्ये पुरा झाला. साडेसहा हजारांवर पाने! असे काम शतकात एखाद्याच्या हातून होते, आणि तेही पदवीसाठी नव्हे. विद्यार्थ्याने काण्यांची चिकाटी घ्यावी. पसारा मात्र घेऊ नये.

कारण आपले घड्याळ निराळे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच. डी.ला किमान ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे. पुन्हा नोंदणी करून आणखी २ वर्षे मिळू शकतात. स्त्रियांना आणि ठरावीक प्रमाणाहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांना त्याउपर २ वर्षांची सवलत आहे, आणि बाळंतपण व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा आहे. माझ्या भगिनींना विशेष सांगतो, हा आपला हक्क आहे. रजा मागताना संकोच करू नका. घर, नोकरी आणि प्रबंध अशा तीन चुली सांभाळणाऱ्या बाईला हे दिवस फार मोलाचे असतात.

काही वर्षांपूर्वी अशीच एक शिक्षिका माझ्याकडे आली. नोंदणी होऊन चौथे वर्ष चालू होते. विषय 'कोकणातील मच्छीमार समाज'. दोन जाडजूड फायली तिने माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाली, "सर, मी सोडून द्यायचं ठरवलंय. सासूबाई मुलाला सांभाळतात, मी रात्री जागते, आणि हे संपतच नाही." डोळ्यांत पाणी होते. फायली चाळल्या. माहिती होती भरपूर, पण सगळ्या वाटा सगळीकडे जात होत्या. एका कोपऱ्यात मिरकरवाडा बंदरावरच्या मासळी विकणाऱ्या बायकांशी झालेल्या गप्पांची टिपणे होती. पहाटेच्या लिलावात मासळी घ्यायला पैसा कोण देते, कोणत्या बोलीवर देते, फेडायचा कधी, हे सारे त्यात होते. मी विचारले, "एवढ्यावरच लिहिशील?" ती म्हणाली, "एवढंसं? चालेल?" चालले. बाकीचे तिने बाजूला ठेवले, आणखी बायकांना भेटली, हिशेब मांडले, आणि दोन वर्षांत प्रबंध सादर झाला. सहा वर्षांचे काम चाराचे झाले असते. पण 'एवढंसं' म्हणजे कमीपणा, ही समजूत आड आली.

आणि कोणाला खरोखरच सोडावे लागले, तर त्यात लाज नाही. मात्र थकून सोडण्यापूर्वी प्रश्न लहान करून पाहावा.

आता माझ्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देतो. मी प्रबंध लिहीत होतो तेव्हा कोकण रेल्वे नव्हती. ती पूर्णपणे सुरू झाली १९९८ मध्ये. रातराणी गाडीने मुंबई गाठायची, दिवसभर ग्रंथालयात उतारे काढायचे, पुन्हा रात्री परत. उतारे सुंदर अक्षरात काढले. कुठल्या पुस्तकातून, कोणत्या पानावरून, हे मात्र पुष्कळ ठिकाणी लिहिलेच नाही. म्हटले, लक्षात राहील! लिहायला बसलो तेव्हा काही लक्षात नव्हते. त्या एका आळसापायी महिनाभर पुन्हा हेलपाटे घातले. वाईट याचे वाटले, की काही वाक्ये माझी की दुसऱ्याची, हेच मला सांगता येईना. म्हणून म्हणतो, पहिल्या दिवसापासून प्रत्येक टिपणाच्या डोक्यावर ग्रंथ, लेखक, वर्ष आणि पान लिहा. शब्द दुसऱ्याचे असतील तर अवतरणचिन्हे तिथल्या तिथे घाला.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. उसन्या मजकुराबाबत २०१८ पासून आयोगाचे नियम आहेत. साधर्म्य १० टक्क्यांच्या आत असेल तर दंड नाही. ६० टक्क्यांच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. पण मला नियमांपेक्षा दुसरीच भीती वाटते. पैसे घेऊन प्रबंध लिहून देणारे आहेत, आणि आता तर क्षणात पानेच्या पाने लिहून देणारी यंत्रेही आली आहेत. यंत्राला शुद्धलेखन विचारा, एखादा परका शब्द विचारा, माझी हरकत नाही. परंतु आपला प्रश्न त्याने सोडवला, तर तोंडी परीक्षेच्या दिवशी खुर्चीवर कोण बसणार? परीक्षक विचारील, "हे आपल्याला कसे कळले?" याचे उत्तर ज्याने बंदरावर उभे राहून ऐकले, फळ कापून पाहिले, दप्तर उलगडून वाचले, त्यालाच देता येते.

मार्गदर्शकांविषयी दोनच वाक्ये. त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाऊ नका आणि फार दिवस तोंड लपवून बसू नका. महिन्याला दोन पाने, चुकीची का असेनात, पण लिहिलेली न्या. कोऱ्या कागदावर कोणालाच दुरुस्ती करता येत नाही.

"आम्ही पडलो रत्नागिरीचे, साधने सगळी मुंबई-पुण्याला," ही तक्रार मी नेहमी ऐकतो. ती अर्धीच खरी. आपले जिल्हा नगर वाचनालय १८२८ सालचे आहे. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध 'शोधगंगा' या संग्रहात घरबसल्या वाचता येतात. आपला प्रश्न आधी कोणी सोडवला आहे का, हे नोंदणीपूर्वीच तिथे पाहावे. आणि सर्वांत मोठे साधन तर पायाखाली आहे. आपल्या सड्यांवर कातळात कोरलेली चित्रे गुराख्यांनी आणि गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. कोणी त्यांना पांडवांचे काम म्हणे, कोणी नुसतेच ओलांडून जाई. मग इथल्याच काही हौशी मंडळींनी सडे पायी पालथे घातले, गावोगाव विचारपूस केली, मापे घेतली, नोंदी केल्या. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू ही नावे अभ्यासकांच्या तोंडी आली, आणि २०२२ मध्ये ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. ती कोणी कोरली, नेमकी केव्हा, कशासाठी, हे अजून उलगडायचे आहे. सडा तिथेच होता. "हे काय आहे?" असे थांबून विचारणारे माणूस तेवढे हवे होते.

तेव्हा मित्रहो, पाऊस पडतो आहे तोवर घरी बसून एक करा. एका कागदावर आपला प्रश्न एकाच वाक्यात लिहा. शेवटी प्रश्नचिन्ह आलेच पाहिजे. त्याखाली लिहा, उत्तर शोधायला मी कोठे जाईन, कोणाला भेटेन, काय मोजीन. हा कागद आठ दिवस खिशात बाळगा, खाडाखोड करा. आणि मग तो घेऊन खुशाल आमच्या ओटीवर या. चहा तयार असेल.