दम धरणारी खोली



‘दम’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. फारसीत त्याचा अर्थ श्वास. आपल्याकडे आल्यावर त्यानं बरेच संसार थाटले. आपण दम खातो, दम धरतो, मुलांना दम देतो. जिना चढताना दम लागतो, आणि तो कायमचा मुक्कामाला आला की त्याला दमा म्हणतो. आमच्या घरांत बिर्याणीलाही दम देतात. पातेल्याचं झाकण मळलेल्या कणकेनं बंद करायचं आणि आतली वाफ आतच ठेवायची. आजच्या विषयात या शब्दाचे जवळजवळ सगळे अर्थ कामाला येतात. विषय आहे, बंद खोलीत अळिंबी पिकवताना उष्णता, ओल आणि हवा यांचा मेळ कसा घालायचा.

कवितेच्या माणसाचं इथं काय काम, असं तुमच्यापैकी कुणाला वाटेल. माझा या विषयाशी संबंध धाकट्या बहिणीमुळे आला. ती भवानी पेठेत राहते. दोन खोल्या आणि मागं एक अरुंद कोठी. नवरा वारल्यावर तिनं साड्यांना फॉल-पिको करून घर चालवलं. पुढं डोळे साथ देईनात, तेव्हा दुसरं काही शोधणं भाग पडलं. आपल्या शिवाजीनगरच्या शेतकी कॉलेजात अळिंबीवर संशोधन चालतं. हे कॉलेज १९०७ सालचं. अळिंबीच्या अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाचं एक केंद्र तिथं आहे आणि लोकांना प्रशिक्षणही मिळतं. ती तिथं जाऊन शिकून आली आणि मी तिच्या वह्या वाचल्या. कवीला दुसऱ्याच्या वह्या वाचायची खोड असतेच.

तिच्या सासूबाई, आम्ही सगळे त्यांना अम्मा म्हणतो, पहिल्या दिवशी म्हणाल्या, ‘‘कुत्र्याची छत्री घरात आणलीस?’’ रानात उगवणाऱ्या छत्र्या वेगळ्या आणि ही धिंगरी वेगळी, हे त्यांना पटायला दोन वेळची भाजी खावी लागली.

धिंगरीची पद्धत थोडक्यात सांगतो. गव्हाचा काड किंवा भाताचा पेंढा बारीक तोडून रात्रभर भिजवायचा. मग ८० अंशांच्या गरम पाण्यात तासभर ठेवायचा, निथळायचा, गार करायचा आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत थर देत भरायचा. प्रत्येक थरावर बियाणं. पिशवीला टाचणीनं भोकं पाडायची. पंधरा ते वीस दिवसांत बुरशीचे पांढरे धागे सगळ्या काडाला गच्च बांधून टाकतात. मग प्लॅस्टिक काढून तो गठ्ठा शिंकाळ्यासारखा टांगायचा. चार-पाच दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे अंकुर दिसतात आणि पुढच्या तीन-चार दिवसांत फुलं काढणीला येतात. काड निर्जंतुक करायला फॉर्मलिनही वापरतात. पण राहत्या वस्तीत मला गरम पाणीच बरं वाटतं.

इथवर सगळ्यांचं जमतं. अडतं ते खोलीच्या हवेपाशी.

पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे धागे पसरत असताना, पिशवीला खरोखरच बिर्याणीसारखा दम लागतो. उजेड नको, वारा नको, दार मिटलेलं बरं. आत कोंडलेला कार्बन डायऑक्साइड या काळात त्रास देत नाही. सांभाळायची ती उष्णता. काड पचवताना बुरशी स्वतःच तापते आणि पिशवीच्या पोटातलं तापमान खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी जास्त असतं. खोलीत २६ दिसलं म्हणून निर्धास्त राहू नये. पिशव्या एकमेकींना चिकटवून रचल्या तर मधल्या पिशव्या आतून शिजतात. हाताची पालथी बाजू पिशवीला लावून पाहावी, जशी आपण तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतो. दोन पिशव्यांत पंजा जाईल इतकी फट ठेवावी.

प्लॅस्टिक निघालं की सगळे नियम उलटे होतात. आता फूल धरायचं असतं. त्यासाठी २० ते ३० अंश उष्णता, ८० ते ९० टक्के आर्द्रता, वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड आणि भरपूर ताजी हवा हवी. अळिंबीला हिरवं पान नाही. ती आपल्यासारखी प्राणवायू घेते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. बाहेरच्या हवेत हा वायू दहा लाख भागांत चारशेच्या थोडा वर असतो. फुलं धरताना खोलीत तो हजाराच्या आत राहायला हवा. बंद कोठीत वीस-पंचवीस गठ्ठे श्वास घेत असतील, तर ही मर्यादा फार लवकर ओलांडली जाते.

म्हणजे हवा खेळवली पाहिजे. पण हवा खेळवली की ओल जाते. बहिणीनं एकदा फोन करून विचारलं, ‘‘भाईजान, पंखा लावला तर कडा वाळतात, बंद केला तर दांडे लांब होतात. मी करू काय?’’ सगळ्या विषयाचा गाभा तिच्या या प्रश्नात आहे. उष्णता, ओल आणि हवा एकाच दोरीला बांधलेल्या आहेत. एकीला ओढलं की बाकीच्या दोन हलतात.

ही दोरी जरा समजून घेऊ. २० अंशांची हवा घनमीटरला साधारण १७ ग्रॅम बाष्प धरू शकते, ३० अंशांची सुमारे ३०. खोलीत पाण्याचा एक थेंबही कमी न होता नुसती उष्णता वाढली, तरी हवा तहानलेली होते आणि काडातलं पाणी ओढू लागते. म्हणून सकाळी मारलेला फवारा दुपारी पुरत नाही.

बाजारात आता तयार तंबू मिळतात. लोखंडी सांगाडा, आतून चंदेरी कापड, चेन लावायचं दार आणि हवा फेकायला पंखा. चार फूट लांब, चार फूट रुंद, सात फूट उंच अशा तंबूत सव्वातीन घनमीटरच्या आसपास हवा मावते. घरगुती सहा इंची एक्झॉस्ट पंखा तेवढी हवा एका मिनिटात बाहेर काढतो. असा पंखा दिवसभर चालवला, तर आपण पुण्याची दुपारच तंबूत आणून ठेवली म्हणायची. बहिणीला तंबू विकणाऱ्यानं पंखा चालूच ठेवा असं सांगितलं होतं. तंबू विकणं आणि अळिंबी पिकवणं हे दोन वेगळे धंदे आहेत. तिनं पुढं तासातून पाच-सात मिनिटं पंखा लावायला सुरुवात केली आणि ज्या फटीतून हवा आत येते तिथं ओलं गोणपाट टांगलं. आत येणारी हवा त्या गोणपाटातून ओल घेऊनच येते. जुन्या वाड्यांत उन्हाळ्यात वाळ्याचे पडदे भिजवून दारांवर सोडत, त्यातलंच हे.

हवा यायची वाट खाली आणि जायची वाट समोरच्या भिंतीत वर असावी. पंख्याचा झोत फुलांवर थेट नको. हवा खरंच कुठून कुठं जाते हे पाहायला उदबत्ती पुरते. आमच्याकडं लोबान असतो, तोही चालतो. धूर सरळ वरच्या वाटेनं गेला तर ठीक. एखाद्या कोपऱ्यात तो रेंगाळला, तर तिथल्या गठ्ठ्यांची फुलं बिघडणार हे आधीच समजावं. खिडक्यांना बारीक जाळी लागतेच, नाही तर चिलटं येतात. पण जाळीवर धूळ बसली की हवा अडते, म्हणून ती धुवावी लागते. हे कुणी सांगत नाही.

मोजायला काय वापरायचं? आर्द्रता दाखवणारी लहान यंत्रं आता स्वस्त झाली आहेत, पण सततच्या दमट खोलीत त्यांतली काही लवकर बिघडतात. मला जुनी जोडी आवडते. दोन साधे तापमापक, त्यांतल्या एकाच्या फुग्याला ओली वात. दोन्ही आकड्यांत जितकं अंतर जास्त, तितकी हवा कोरडी. कोरडा २६ आणि ओला साडेचोवीस दाखवत असेल, तर आर्द्रता ८८ टक्क्यांच्या आसपास आहे. १९२८ साली शिमल्याहून हवामान खात्याचं कार्यालय पुण्यात आलं, ज्याला आपण अजून शिमला ऑफिस म्हणतो. वेधशाळांच्या पांढऱ्या जाळीदार पेटीत हीच जोडी असते. बहिणीच्या कोठीत ती खिळ्याला टांगली आहे, एवढाच फरक.

याच जोडीवरून ऋतूंचा हिशेब कळतो. एप्रिलच्या दुपारी पुण्यात कोरडा तापमापक ३८ आणि ओला २१ दाखवू शकतो. तेव्हा आर्द्रता वीस टक्क्यांवर आलेली असते. अशा हवेत गोणपाट भिजवलं तर खोली चांगली थंड होते, कारण पाणी झपाट्यानं उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. पण पाणी सतत हवं, आणि वीज गेली की सगळा डाव कोलमडतो. जुलैत उलटं. बाहेरची हवाच दमट असते, गोणपाटानं काही थंड होत नाही आणि त्याची गरजही नसते. तेव्हा फक्त हवा खेळवायची. धिंगरीला पुण्याचा पावसाळा मानवतो, पण काडावरच्या हिरव्या बुरशीलाही तोच मानवतो. थंडीत रात्री पारा दहा-बारा अंशांवर उतरला की वाढ मंदावते. सजोर-काजू जातीला ऊब लागते, फ्लोरिडा जरा थंडीत बरी. बटण अळिंबीचा मोह लहान जागेत धरूच नये. तिला फूल धरायला १४ ते १८ अंश लागतात, म्हणजे पुण्यात बहुतेक वर्षभर वातानुकूलन आणि त्याचं बिल.

आकडे चुकले तरी पीक बोलतं. दांडे लांब आणि टोप्या बारीक झाल्या, तर हवा कोंडली आहे. कडा वाळून तांबूस झाल्या, तर ओल कमी. फूल पिवळं, लिबलिबीत झालं, तर पाणी फुलावर बसून राहिलं आहे. फवारा भिंतींवर आणि जमिनीवर मारावा, जमिनीवर वाळू पसरून ती ओली ठेवावी. फुलांवर पाणी पडलंच, तर पुढं थोडा वेळ पंखा लावून ते सुकू द्यावं.

आता जे सांगायला मी खरं तर इथं आलो, ते सांगतो.

बहिणीची तिसरी खेप चांगली आली. पंख्यानं कोठी सुकते म्हणून ती कोठीचं दार घराच्या बाजूला उघडं ठेवू लागली. त्याच दिवसांत अम्मांचा खोकला वाढला. दमा त्यांना जुना, पण रात्री उठून बसावं लागणं हे नवीन होतं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘घरात नवीन काय आलंय?’’

पूर्ण उमललेली धिंगरी एका रात्रीत काळ्या कापडावर पालथी ठेवून पाहा. सकाळी तिच्या खालच्या पात्यांची पांढुरकी रांगोळी उमटलेली असते. ते तिचे बीजाणू. एका फुलातून ते लाखोंनी सुटतात आणि हवेत तरंगत राहतात. अळिंबीच्या खोल्यांत काम करणाऱ्यांना फुप्फुसाची ॲलर्जी होते, हे वैद्यकशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. धिंगरी यात विशेष उदार. खोलीची हवा बाहेर काढायची, हे आपण पिकासाठी शिकतो. ती कुणाच्या अंगावर काढायची, हे शिकायचं राहून जातं.

‘‘घरच्या घरी, रिकाम्या कोपऱ्यात, फावल्या वेळात’’ अशा जाहिराती मी वाचतो तेव्हा मला राग येतो. ज्या घरात माणसं झोपतात त्या घराशी हवेनं जोडलेल्या खोलीत धिंगरी पिकवू नये. दमेकरी माणूस असेल तर मुळीच नाही. भवानी पेठेत रिकामा कोपरा असतो तो कुणाच्या तरी अंथरुणाला लागून असतो, आणि एक्झॉस्ट पंख्याचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडं असतं.

बहिणीनं कोठी रिकामी केली. भिंती धुऊन चुना दिला. जवळच तळमजल्यावर पत्र्याची एक वखार भाड्यानं घेतली. तिच्यात झोपणारं कुणी नाही आणि धुराड्यासारखा पाइप छपराच्या वर जातो. भाड्यामुळे हातात पडणारे पैसे कमी झाले. ती म्हणते, ‘‘फॉल-पिकोपेक्षा थोडे जास्त मिळतात, फार नाही.’’ अम्मा आता रात्री झोपतात, औषध चालू आहे.

ती नाकातोंडावर चांगला मास्क बांधूनच आत जाते. काढणी टोप्यांच्या कडा सपाट व्हायच्या आधी, कडा अजून खाली वळलेल्या असतानाच करते. तेव्हा बीजाणू कमी सुटतात, आणि फूलही कोवळं असतं, बाजारात तेच विचारतात. ताजी धिंगरी एक-दोन दिवसांत उतरते. मार्चअखेरचं उरलेलं पीक ती गच्चीवर जाळीखाली वाळवते. दहा किलोची एक किलो होते. जी कोरडी हवा वखारीत नको असते, ती गच्चीवर दोन दिवसांत काम करून देते. एप्रिल-मे ती गठ्ठे भरत नाही. पत्र्याखाली त्या दिवसांत गोणपाटाचाही इलाज चालत नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि ओला-कोरडा तापमापक जवळ आले की नवं बियाणं आणायला शेतकी कॉलेजात जाते.