दंगल नव्हे, बायकांचं युद्ध
(पंचायत सदस्य महिलांच्या शिबिरातील भाषण)



आज मी लांबची गोष्ट सांगणार आहे. पण ऐकताना आपलीच वाटेल.

नायजेरियाच्या आग्नेय भागातल्या इग्बो गावांत बहुतेक ठिकाणी एकटा राजा नव्हता. सभा भरायची, बोलून ठरायचं. बायकांच्या सभा वेगळ्या असायच्या. बाजाराचे नियम त्या ठरवायच्या. एखादा नवरा बायकोला मारत असेल, तर सगळ्याजणी त्याच्या दारात जमायच्या, त्याची टर उडवणारी गाणी म्हणायच्या, मुसळांनी भिंती बडवायच्या. तो माफी मागेपर्यंत हलायच्या नाहीत.

इंग्रजांना हा कारभार दिसलाच नाही. त्यांना हुकूम झेलणारा एक माणूस हवा होता. म्हणून गावोगाव त्यांनी आपल्या पसंतीच्या माणसाला सनद दिली. हे 'वॉरंट चीफ'. जवळजवळ सगळे पुरुषच. न्यायनिवाडा त्यांच्या हाती गेला आणि लाचखोरी वाढली. बायकांच्या सभेला सरकारदरबारी जागाच उरली नाही.

१९२८ मध्ये पुरुषांवर कर बसला. त्याआधी त्यांची अशीच मोजदाद झाली होती. १९२९ च्या नोव्हेंबरात ओलोको गावात पुन्हा मोजणी निघाली. चीफचा माणूस न्वान्येरुवा नावाच्या बाईच्या घरी आला. ती पामतेल काढत होती. शेळ्यामेंढ्या आणि माणसं मोज, असं तो म्हणाला. तिनं उलट विचारलं, तुझ्या आईची मोजणी झाली का? झटापट झाली. ती तडक बायकांच्या सभेत गेली.

गावोगाव ताडाची पानं निरोप म्हणून फिरली. हजारो बायका ओलोकोत जमल्या. चीफची टोपी काढून घ्या, अशी त्यांची मागणी होती. चीफ ओकुगोला दोन वर्षांची शिक्षा झाली. मग लोण पसरलं. कोर्टं जाळली गेली. डिसेंबरात सैनिकांनी गोळ्या चालवल्या आणि पन्नासहून जास्त बायका मेल्या.

सरकारी कागदांत याला 'आबाची दंगल' म्हणतात. बायका मात्र 'बायकांचं युद्ध' म्हणाल्या. दंगल म्हटलं की मागणी पुसली जाते. १९३० च्या चौकशीपुढे बायकांनी साक्षी दिल्या. त्यांना केवळ करमाफी नको होती. गावाचा माणूस गावानं निवडावा आणि कोर्टात बायकाही बसाव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं.

पुढे वॉरंट चीफ गेले. एकाच्या जागी अनेकजणांची न्यायमंडळं आली. पण त्यांतही बायकांना जागा मिळाल्या त्या अगदी थोड्या. युद्ध बायकांनी केलं आणि खुर्च्या पुन्हा पुरुषांकडे गेल्या.

आपल्याला १९९३ मध्ये ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतीत एक तृतीयांश जागा दिल्या. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या झाल्या. म्हणजे त्यांना न मिळालेली खुर्ची आपल्याकडे आहे. पण त्यांच्याकडची सभा आपल्याकडे आहे का? ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची, असा आपला कायदा सांगतो. कितीतरी गावांत ती सभा भरतच नाही. वही घरोघर फिरते आणि सह्या होतात. मग सरपंचबाई खुर्चीवर एकटी पडते आणि मागून नवरा बोलतो.

सभेशिवायची खुर्ची म्हणजे वरून आलेली सनदच. तेव्हा इथून गेल्यावर पहिलं काम एकच करा: वही फिरू देऊ नका, बायका जमवा.