एक युनिट म्हणजे किती?

(रुग्णालयाच्या वर्धापनदिन समारंभात प्रयोगशाळा विभागप्रमुखांनी केलेले भाषण)



वर्षभरात किती तपासण्या झाल्या आणि कोणती नवी यंत्रे आली, याचा तपशील अहवालाच्या कोष्टकांत दिलेलाच आहे. त्याची पुनरुक्ती करून मी आपला वेळ घेत नाही. तपासणीच्या प्रत्येक अहवालात आकड्याच्या शेजारी बारीक अक्षरांत एक मजकूर छापलेला असतो आणि तो सहसा कोणी वाचत नाही. तो मजकूर म्हणजे मोजमापाचे एकक. आज त्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुमती असावी.

आमच्याकडे दाखल असलेल्या एका आजींची उपाशीपोटीची रक्तशर्करा १२६ आली. त्यांचे चिरंजीव इंग्लंडमध्ये असतात. दूरध्वनीवर आकडा ऐकताच ते घाबरून गेले, कारण तिकडच्या अहवालांत त्यांनी पाच, सहा, सात असेच आकडे पाहिलेले. आपण शर्करा १०० मिलिलिटर रक्तामागे मिलिग्रॅममध्ये सांगतो. तिकडे ती लिटरमागे मिलिमोलमध्ये सांगतात. आपला आकडा १८ने भागला की त्यांचा आकडा मिळतो. १२६ भागिले १८ म्हणजे ७. आजींचे रक्त तेच, साखरही तीच. मात्र एकक न सांगितल्यामुळे एका मुलाची रात्र तळमळत गेली.

आमच्या लहानपणी धान्य पायलीने आणि शेराने मोजले जाई. एका बाजारपेठेतील शेर दुसऱ्या बाजारपेठेतील शेराशी जुळेलच, याची शाश्वती नसे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा हे कोष्टक पाठ असले, तरी गुंज ही अखेर वेलीवरची बी. सगळ्या बिया सारख्या भरत नाहीत. १९५६ च्या कायद्याने देशात दशमान वजनमापे आली आणि १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने अमलात आली. तोळा मात्र गेला नाही. पूर्वी तो साधारण ११.६६ ग्रॅमचा होता, आज सराफाकडे दहा ग्रॅमचा झाला आहे! सोन्याच्या बाबतीत हे चालून जाते, औषधाच्या बाबतीत चालत नाही.

याचे सर्वांत बोलके उदाहरण इन्सुलिनचे आहे. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटो येथे लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. पहिल्या खेपेचा अर्क अशुद्ध होता आणि त्याचा फारसा उपयोग झाला नाही. काही दिवसांनी अधिक शुद्ध अर्क दिल्यावर मुलाची शर्करा उतरली. शोध लागला, पण अडचण पुढेच होती. प्राण्यांच्या स्वादुपिंडापासून काढलेल्या अर्काची एक खेप तीव्र निघे, तर दुसरी सौम्य. शुद्ध पदार्थच हाती नसल्याने मिलिग्रॅममध्ये मात्रा सांगून उपयोग नव्हता. कमी पडले तर मधुमेह बळावणार, जास्त झाले तर शर्करा एकाएकी उतरून रुग्ण बेशुद्ध पडणार. म्हणून आरंभी सशांचा आधार घेण्यात आला. उपाशी ठेवलेल्या सशाची रक्तशर्करा १०० मिलिलिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत उतरवणारी मात्रा, असे युनिट ठरले. परंतु ससेही एकसारखे नसतात. त्यांचे वजन, वाण आणि खाणे यांनुसार उत्तर बदलू लागले. अखेर १९२० च्या दशकातच राष्ट्रसंघाच्या आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने कोरड्या इन्सुलिनचा एक प्रमाण नमुना सिद्ध करून लंडनमध्ये ठेवण्यात आला. त्याच्याशी ताडून पाहिल्यावर कोठल्याही देशातील इन्सुलिनच्या युनिटचा अर्थ एकच होऊ लागला. आपल्या कुपीवर छापलेली ‘आययू’ ही अक्षरे त्या परंपरेतील आहेत.

एवढे सारे झाल्यावरही चूक कोठे होते, ते सांगतो. आपल्याकडे कुपीतील इन्सुलिन बहुधा मिलिलिटरमागे ४० युनिटचे असते, तर पेनमधील १०० युनिटचे. सिरिंजही दोन प्रकारच्या मिळतात. ४० ची लाल टोपणाची आणि १०० ची नारिंगी टोपणाची. आता ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने ‘वीस’च्या रेघेपर्यंत औषध ओढले, तर प्रत्यक्षात आठच युनिट पोटात जातात. उलट १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये वीसच्या रेघेपर्यंत घेतले, तर ती मात्रा पन्नास युनिटची होते. सिरिंजवरची रेघ आणि डॉक्टरांनी लिहिलेला आकडा दोन्ही बरोबर असूनही रुग्णाचे प्राण संकटात येतात. मध्यंतरी एका सहृदय देणगीदारांनी सिरिंजची खोकी पाठविली. ती १०० ची होती आणि आमच्या वॉर्डातील कुप्या ४० च्या. देणगी परत करताना आम्हांला अतिशय संकोच वाटला. परंतु त्यांनी कारण समजून घेतले, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडेच.

किलोग्रॅमचेही असेच. पॅरिसजवळच्या सेव्र येथे जपून ठेवलेली प्लॅटिनम-इरिडियमची एक वडी १८८९ पासून साऱ्या जगाचा किलोग्रॅम होती. तिचीच ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. कालांतराने मूळ वडी व तिच्या प्रती यांच्यात अतिसूक्ष्म फरक आढळू लागला, आणि २० मे २०१९ पासून किलोग्रॅम प्लँकच्या स्थिरांकावर बेतण्यात आला. आमच्या तळमजल्यावरील काट्याची वेळोवेळी प्रमाणित वजनांशी पडताळणी होते. त्या खर्चाची ओळ जमाखर्चात पाहून कोणी विश्वस्त भुवया उंचावतील, म्हणून हे एवढे विस्ताराने सांगितले.

देणगीदारांना एक नम्र विनंती आहे. वैद्यकीय साहित्य भेट देण्यापूर्वी कृपया आमच्या औषध भांडारात एकदा विचारावे. मधुमेही रुग्णांच्या कुटुंबीयांनी घरी जाण्यापूर्वी आपली कुपी आणि सिरिंज दोन्ही शेजारी ठेवून परिचारिकेकडून पाहून घ्यावीत. कितीही गर्दी असली तरी त्यासाठी आपल्याला कोणी परत पाठविणार नाही.