औषधाचा पत्ता यकृताचाच का?

२०२३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल कातालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना मिळालं ते एमआरएनएच्या रेणूत सुचवलेल्या बदलासाठी. ते योग्यच झालं. तरीही या उपचारांचं भवितव्य एमआरएनएपेक्षा त्याला वाहून नेणाऱ्या लिपिडच्या नॅनोकणांवर, म्हणजे मेदकणांवर, जास्त अवलंबून आहे असं माझं म्हणणं आहे. एमआरएनए ही प्रथिन बनवण्याची कृती. ती हवी तशी लिहिता येते. पण उघड्या एमआरएनएचे रक्तातली विकरं बघता बघता तुकडे करतात, आणि वाचलेला रेणू पेशीच्या मेदाच्या आवरणातून आत जात नाही. म्हणून त्याला शंभरेक नॅनोमीटरच्या कणात बसवतात. कणात कोलेस्टेरॉल असतं, फॉस्फोलिपिड असतं, पॉलिएथिलीन ग्लायकॉल जोडलेला मेद असतो. पण खरी करामत चौथ्या मेदाची. रक्ताचा सामू ७.४. तिथे हा मेद जवळपास विद्युतभाररहित, म्हणून निरुपद्रवी. पेशीनं कण गिळून आम्लधर्मी पिशवीत टाकला की तोच धनभारित होतो आणि पिशवी फोडतो. तेही क्वचितच साधतं: अशाच कणांतून आरएनएचे छोटे तुकडे पाठवून २०१३ साली मोजणी झाली, तेव्हा पिशवीबाहेर जेमतेम एकदोन टक्के माल पडलेला आढळला.

मग कोविडची लस कशी चालली, असं कुणी विचारील. लशीला थोडं प्रथिन पुरतं. पुढचं काम प्रतिकारशक्ती स्वतःच वाढवून घेते. उपचाराला ही सवलत नाही. तिथे ठरावीक अवयवातल्या पुरेशा पेशींपर्यंत पोहोचावंच लागतं. शिरेतून दिलेल्या कणावर रक्तातलं एपोलिपोप्रोटीन ई चिकटतं, आणि यकृत त्याला कोलेस्टेरॉलचा नेहमीचा माल समजून आत घेतं. मेदकणांतून आरएनए देणारं पहिलं मान्यताप्राप्त औषध, २०१८ चं पॅटिसिरान, यकृतात बनणारं एक सदोष प्रथिन रोखतं. २०२५ मध्ये फिलाडेल्फियात एका तान्ह्या बाळासाठी मुद्दाम घडवलेला जनुकदुरुस्तीचा उपचार झाला, तोही यकृतातल्या विकाराचा. हा योगायोग नव्हे. जिथे गाडी आपसूक जाते, तिथलेच आजार आधी निवडले गेले.

यावर रास्त आक्षेप असा, की ही अडचण तात्पुरती आहे. टेक्सासमधल्या डॅनियल सीगवर्ट यांच्या गटानं २०२० मध्ये कणात पाचवा मेद मिसळून उंदरांत दिशा बदलून दाखवली: धनभारित मेद घातला तर कण फुफ्फुसाकडे, ऋणभारित घातला तर प्लीहेकडे. काम सुंदर आहे आणि माझ्या मुद्द्याला बळच देतं, कारण बदल वाहकात केला होता, कृतीत नव्हे. मात्र उंदराचं यश माणसाच्या खात्यावर लगेच जमा होत नाही. शिवाय उपचार वारंवार द्यावा लागला तर शरीर पॉलिएथिलीन ग्लायकॉलविरुद्धच प्रतिपिंडं तयार करू शकतं. लशीच्या दोन-तीन डोसांत हा प्रश्न फारसा जाणवत नाही.

तेव्हा एमआरएनएनं मेंदूचा किंवा हृदयाचा आजार बरा होणार अशी बातमी वाचाल, तेव्हा दोन गोष्टी शोधा: कण तिथवर पोहोचला कसा, आणि प्रयोग उंदरावर झाला की माणसावर.